वाफ्याकडे उतार

अंगणातल्या वाफ्यात रानलिलीचे नऊ कंद होते. सात जिवंत, एक शंकास्पद, एक कुजलेला. डोंगरावरून आणलेलं बी तिनं पेरलं त्याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात वनस्पतिशास्त्राची पदवी हाती पडली, पण वाफ्यात एक कळी दिसली नाही.

"सहा वर्षं नुसती पानं!" तिचा थोरला भाऊ, दादा, म्हणाला. "वाफा काढून इथं फरशी घालायचीय, सोमवारी फरशीवाला येतोय. गाडी काय डोक्यावर ठेवू?"

"कोंब जाड झालाय, दादा. या वर्षी नक्की."

"गेल्या वर्षीही जाडच होता."

कोंब आलेला कंद आता उपटला तर मरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कंदाची मुळं आकसून त्याला दरवर्षी थोडं खाली ओढतात, हेही ठाऊक होतं. त्यात नवल काही नव्हतं.

सोमवारी फरशीवाल्यानं अंगणात उतार मोजायची पाणसळ ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा सरकला. त्यानं ती वाफ्याच्या चारही बाजूंना ठेवून पाहिली. सगळा उतार वाफ्याकडे.

"शनिवारी मीच बघून गेलो. सपाट होतं की!"

"मग भर घाला," दादा खेकसला.

दिवसभर मुरूम टाकून, ठोकून जमीन सपाट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर मुरूम कुठंच नव्हता. कडेला रचलेल्या फरशांच्या थप्प्या वाफ्याकडे कलल्या होत्या.

"ताई, ही जमीन खातेय," फरशीवाला हलक्या आवाजात म्हणाला आणि पाणसळ तिथंच टाकून निघून गेला.

तिनं मातीत बोट खुपसलं. माती कोमट होती.

बोटाला ओढ लागली. तान्ह्या बाळाच्या तोंडाची असते तशी.

तिनं बोट लगेच काढलं नाही.

चौथ्या दिवशी लिली फुलली. पांढरी, कमरेइतकी उंच. गल्ली लोटली. दादानं शेजाऱ्यांना स्वतः हाताला धरून आणलं. "आमच्या बहिणीनं करून दाखवलं!" तो सांगत सुटला. तिला हसू आवरेना, रडूही.

फुललेले कंद तिनं मोजले. नऊ.

सगळे गेल्यावर तिनं पाणसळ पुसली आणि घरात नेली.

स्वयंपाकघर, वाफ्याला लागून: उतार वाफ्याकडे, मीटरला एक मिलिमीटर.

दादाची खोली, घराच्या पार दुसऱ्या टोकाला: उतार वाफ्याकडे, मीटरला अकरा.