दारापासून आत

सकाळी साडेआठला बारक्या गोठ्याची किल्ली गळ्यात अडकवून घराबाहेर पडला. काम तसं साधंच होतं. दहाला मिक्सर येणार होता. त्याआधी कुलूप काढायचं, आतले दगडगोटे बाजूला सारायचे आणि मिक्सरवाल्याला वाट करून द्यायची. किल्ली खिशातही मावली असती. पण खिशातली किल्ली कुणी काढून घेऊ शकतं, गळ्यातली काढायची तर आधी बारक्याला आडवा करावा लागेल, असा त्याचा हिशेब. आणि हे 'कुणी' म्हणजे दुसरं तिसरं कुणी नाही, मिस्त्री.

मिस्त्री आधीच गोठ्याच्या पायरीवर येऊन बसला होता. पन्नाशीचा, वाळका माणूस. उजव्या गुडघ्याला कायमची पट्टी.

"लवकर आलास," बारक्या म्हणाला.

"कोब्याच्या दिवशी लवकरच यावं लागतं, छोटे."

महिन्यापूर्वीपर्यंत बारक्या त्याला अहोजाहो करायचा. दादा गेल्यापासून अरेतुरे. मिस्त्रीनं त्याबद्दल एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं, आणि बारक्याला नेमकं तेच खटकत होतं. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस चिडला असता.

दादा लेथवर काम करायचा. बारा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंड कातून झाल्यावर त्यानं स्वतःची मशीन घेतली आणि घरामागचा जुना गोठा वर्कशॉप करायला काढला. गुरं कधीच गेली होती, पण वास गेला नव्हता. कुजक्या कडब्याचा, शेणाचा, ओल्या लाकडाचा वास भिंतींत मुरलेला. "मशीन सुरू झाली की ऑइलच्या वासानं पळून जाईल," दादा म्हणायचा. आणि वहिनी म्हणायची, "मग तो घरात येऊन बसेल. तुमच्या अंगाला चिकटून."

गव्हाणी फोडून झाल्या, पत्रे बदलून झाले, भिंतींना गिलावा झाला. फक्त जमिनीवरचा सिमेंटचा कोबा राहिला. आणि शेवटचे दोन पत्रे घट्ट करताना दादा परांचीवरून खाली आला तो डोक्यावरच. तेव्हा तिथं एकटा मिस्त्री होता. म्हणजे होता आणि नव्हता.

"मी पाणी प्यायला गेलो होतो," त्यानं सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, वहिनीला, बारक्याला. दर वेळी तेवढेच पाच शब्द. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

बारक्यानं त्याच दिवशी, सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली होती. चौघांनी ओढून बाजूला केला म्हणून मिस्त्री वाचला. त्याचं असंच असतं, हात आधी आणि डोकं मागून. "तुझं डोकं चौथीत बसलं ते अजून उठलं नाही," दादा हसून म्हणायचा, आणि वर त्याच डोक्यावर टपली मारायचा. आता टपली मारणारं कुणी नाही. कधीकधी बारक्या रस्त्यात चालता चालता मान खाली घालतो, टपली येणार असल्यासारखा. येत नाही. मग त्याला इतका राग येतो की वाटतं कुणाला तरी धरून बडवावं.

काम पुरं करायचं हे वहिनीनं ठरवलं. "भाऊजी, सिमेंटच्या गोण्या दगड होतील. त्यांनी ज्याच्यासाठी जीव टाकला ते अर्धं ठेवू नका." मिस्त्रीही तोच हवा, कारण उतार कुठं, मशीनचा पाया कुठं, हे दादानं फक्त त्याला समजावलं होतं. बारक्या हो म्हणाला. निदान माणूस नजरेखाली राहील.

मिक्सर आला, चार मजूर आले. गोठ्याला दार एकच, समोर. मागची भिंत सबंध, बाजूंना गजाच्या दोन लहान खिडक्या. मिस्त्रीनं माल मागच्या भिंतीपासून टाकायला लावला.

"दारापासून का नाही? जवळ पडेल," एक मजूर म्हणाला.

"दारापासून आत जाशील तर बाहेर कसा येशील? उडत?" मिस्त्री म्हणाला. "कोबा नेहमी आतून बाहेर. टाकायलाही आणि घोटायलाही. आपण मागं मागं सरकायचं, शेवटी दारातून उतरायचं."

मजूर हसले. बारक्या हसला नाही. तो बघत होता ते वेगळंच. मागचा डावा कोपरा, जिथं दादा पडला, तिथं मिस्त्री पाय देत नव्हता. घमेली आली की बोट करायचा, "तिकडं टाका," आणि स्वतः चार हात लांब. शिवाय त्या कोपऱ्यात मुरूम बाकीच्यापेक्षा पिवळा होता. ताजा. दादा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री इथं एकटा येऊन गेला होता, हे वहिनीनं सांगितलेलं बारक्याला आठवलं. काय पुरलं यानं इथं?

एकदा माल पडला की कायमचं झाकलं जाणार. बारक्याच्या डोक्यात हे आलं आणि पुढच्या क्षणाला पहार त्याच्या हातात होती.

"थांबा. कुणी काही टाकायचं नाही."

"छोटे, मिक्सर भरलेला आहे. माल आवळेल."

"आवळू दे."

तो खणू लागला. मजूर घमेली घेऊन उभे. मिक्सर बाहेर घरघरत होता. पिवळा मुरूम वीतभर निघाला आणि खाली जुनी माती लागली. त्या मातीत काहीही पुरलेलं नव्हतं. पण परातीएवढ्या जागेत ती काळी होती, कडक झालेली, आणि तिला एक वास होता जो गुरांचा नव्हता.

बारक्याच्या हातातली पहार पडली.

मिस्त्री प्रथमच त्याच्याजवळ आला. मजुरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला. "वहिनींना दिसू नये म्हणून वर मुरूम टाकला. खणून काढायला हवं होतं. माझ्यानं झालं नाही."

मिस्त्रीनं फावड्यानं मुरूम पुन्हा सारखा केला, आणि तसाच पाठमोरा म्हणाला, "पाणी प्यायला नव्हतो गेलो."

"मग?"

"रुसून पायरीवर बसलो होतो. तुझ्या दादानं सकाळीच माझा गिलावा उतरवायला लावला. शिकाऊ म्हणाला मला. तीस वर्षं झाली मला या कामात. मग वरून हाक आली, मिस्त्री. मी म्हटलं, मारू दे. पुन्हा आली, मिस्त्री. म्हटलं, असतील अजून शिव्या. तिसरी हाक... तिसरी अगदी बारीक होती. मग फळीचा आवाज आला."

तो मारायची वाट बघत उभा राहिला. बारक्यानं हात उचलला नाही. त्याच्या घशात काहीतरी वर येत होतं, ते मिस्त्रीबद्दल नव्हतं. त्यानं ते गिळलं. "टाका माल," तो मजुरांना म्हणाला.

दुपारी तीनपर्यंत दारापर्यंत माल पडला. मिक्सर गेला, मजूर गेले. आता माल थोडा आवळायची वाट बघायची आणि मग वरून घोटून गुळगुळीत करायचा. ते मिस्त्रीचं एकट्याचं काम.

"तीनेक तास," मिस्त्री म्हणाला. "मांजर शिरलं तरी पावलं उठतील. दार लावून घे."

बारक्यानं दार लावलं. कुलूप घातलं, किल्ली गळ्यात. दोघं पायरीवर बसले. मधे मिस्त्रीची अवजारांची पिशवी. ऊन उतरलं. ओल्या सिमेंटचा थंडगार वास दाराखालून पायांवर येत होता. आभाळ राखेसारखं झालं तेव्हा आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र...

बारक्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आत कुणाला सोडलंस?" बारक्यानं विचारलं.

"कुलूप तूच घातलंस."

"उंदीर असेल."

"उंदराच्या हातात लोखंडी थापी नसते." मिस्त्रीनं पिशवी उघडली. दोन्ही थाप्या आत होत्या, कोरड्या. त्यानं पिशवी हळूच बंद केली. त्या थाप्यांना तो आवाज ऐकू जाऊ नये, अशी.

खर्र... खर्र... अगदी दाराच्या पलीकडे. मग हातभर लांब. मग आणखी. कुणीतरी सावकाश, मन लावून घोटत होतं आणि एकेक हात पुढं सरकत होतं. मिस्त्रीनं मान कलती करून ऐकलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"उलटा चाललाय," तो पुटपुटला. "दारापासून आत. जाणता माणूस असं करत नाही. ज्यानं जन्मात कोबा केला नाही, तोच..."

बारक्याला पुढचं ऐकायची गरज नव्हती. दादा म्हणायचाच, जमिनीवरून शेवटचा हात मी स्वतः फिरवणार, मिस्त्री. तुम्ही नुसतं बघायचं.

"मागच्या भिंतीला पोचला की काय करेल?" बारक्यानं विचारलं.

"अडकेल. मागं सगळा ओला कोबा. कुणीतरी दारातून फळी टाकल्याशिवाय..."

आवाज थांबला. गोठा गप्प झाला. आणि मग आतून, अगदी मागून, हाक आली.

"बारक्या..."

ते नाव दादानंच पाडलं होतं. मिस्त्री त्याला कधी त्या नावानं हाक मारत नसे. "ऐकलंस ना?" मिस्त्री म्हणाला. "'मिस्त्री' अशी हाक मारली. मला बोलावतोय."

"मला बोलावलं."

"नाही, छोटे. 'मिस्त्री' म्हणाला. स्पष्ट."

दुसऱ्यांदा हाक आली. बारक्यानं पुन्हा स्वतःचं नाव ऐकलं, मिस्त्रीनं पुन्हा स्वतःचं. फळी भिंतीला टेकून उभी होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. किल्ली गळ्यात होती. दोघांपैकी कुणी हललं नाही.

तिसरी हाक अगदी बारीक होती.

त्यानंतर काही नाही. किती वेळ गेला कळलं नाही. अंधारायला लागलं तेव्हा बारक्या बोलला. घशातलं सकाळचं आता बाहेर आलं. "त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. परांचीची शिडी धरायला ये म्हणाला. मी म्हटलं, आलो दहा मिनिटांत. आणि गेलो मित्राकडे. पत्ते खेळत होतो, मिस्त्री... मी पत्ते खेळत होतो."

मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. दोघांनाही ते जमलं नसतं. "टॉर्च आहे का?" तेवढंच म्हणाला.

दार उघडलं. टॉर्चच्या उजेडात जमीन आरशासारखी चमकली. थापीच्या कमानी एकीपुढे एक, उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या. परत येणारं एकही चिन्ह नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस उकिडवा बसेल एवढी जागा घोटायची राहिली होती. ती रिकामी होती.

आणि तिच्या शेजारी, तेवढीच दुसरी. तिच्या चारी बाजूंनी थापी फिरवलेली, अगदी काळजीपूर्वक, ती जागा चुकवून. पंगतीत कुणासाठी तरी जागा धरून ठेवावी तशी.

"ही कुणाची?" बारक्यानं विचारलं.

मिस्त्रीनं टॉर्च बंद केला.

कोब्याला सात दिवस पाणी मारावं लागतं. नाहीतर तडे जातात. रोज सकाळी दोघं येतात. बारक्या आता पुन्हा 'तुम्ही' म्हणतो. सगळी जमीन दगड झाली आहे, दादा बसला ती जागासुद्धा. दुसरी मात्र अजून ओली आहे. काठीनं टोचलं तर काठी आत जाते.

"पाणी मारताय ना नीट, भाऊजी?" वहिनी खिडकीतून विचारते.

"मिस्त्री मारतायत," बारक्या सांगतो.

"छोटे मारतात," त्याच वेळी मिस्त्री सांगतो. आणि दोघं उंबऱ्याबाहेरूनच पाइप धरतात.

सहाव्या सकाळी मिस्त्री यायच्या आधी बारक्या वाळूच्या ढिगाजवळ गेला. आदल्या संध्याकाळी मिस्त्री तिथं बिडी ओढत उकिडवा बसला होता. वाळूत खळगा तसाच होता. बारक्यानं वितीनं मोजला. आडवा दोन विती, उभा दीड. मग दारातून मान लांब करून कोपऱ्यातल्या ओल्या जागेचा अंदाज घेतला. नक्की काही कळेना. जवळ जाऊन मोजावं लागलं असतं.

तो वळला. मिस्त्री आला होता. पायरीपाशी वाकून उभा होता. काल बारक्या जिथं बसून होता तिथल्या धुळीवर त्याची वीत टेकलेली होती, अंगठा ताणलेला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री हात झटकून उभा राहिला. माप जुळलं की नाही, ते बोलला नाही. बारक्यानं कुलूप काढलं, दार ढकललं.

मिस्त्री बाजूला सरकला आणि त्यानं बारक्याला आत जायला वाट दिली.