आठव्या बाटलीची भूक

किनाऱ्यालगतच्या प्रयोगशाळेत प्रबंधासाठी काम करणाऱ्या ताईंची सकाळ बाटल्या धुण्यात जायची. सात बाटल्यांत समुद्राचं पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती. प्रत्येकीला मोजून नत्र, म्हणजे त्या वनस्पतींचं खाद्य, द्यायचं, चार तास उन्हातल्या गार पाण्याच्या टाकीत ठेवायचं आणि किती फस्त झालं ते तपासायचं. आठवी कोरी. पाणी तेच, पण उकळून, बारीक गाळलेलं. तिच्यात जीवच नाही, म्हणजे दिलेलं नत्र जसंच्या तसं उरायला हवं.

सोमवारी आठवीत थोडं कमी भरलं. मंगळवारी निम्मं. बुधवारी काहीच उरलं नाही. पाणी मात्र नितळ, गाळणकागद पांढराशुभ्र.

मार्गदर्शक सरांनी ताईंच्या बाटल्या धुण्यापासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळ्याचा उद्धार केला. शुक्रवारपर्यंत आठवीची घट शून्यावर आली नाही, तर प्रबंधावर सही नाही. तीन वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

रोज पाणी आणून देणारे नावाडीमामा दारातूनच म्हणाले, "भूक लागत असेल हो तिला. दुप्पट वाढून बघा."

ताईंना हसू आलं. पण गुरुवारी त्यांनी खरंच दुप्पट घातलं. तेही गेलं. टाकीतून काढताना सात बाटल्या गार होत्या. आठवी कोमट लागली, जेवून लवंडलेल्या मांजरासारखी.

शुक्रवारी सरांनी सूत्रं हाती घेतली. बाटली स्वतः घासली, पाणी स्वतः गाळलं आणि नत्र घातलंच नाही. दिलंच नाही तर खाईल काय, हा त्यांचा बिनतोड सवाल. ताईंना कसंसंच झालं, दारी आलेल्याला उपाशी परतवल्यासारखं. मामा तर होडीकडे निघून गेले.

कुणाचा हात लागायला नको म्हणून सर बाटली दोन्ही हातांत धरून चार तास उन्हात स्टुलावर बसले. मधूनच पेंगत होते. बोटांना गुदगुल्या होतात, असं एकदा हसत म्हणाले.

दोन वाजता मोजणी झाली. घट शून्य.

"याला शिस्त लागते. आण तो प्रबंध."

सहीच्या जागी दोन पानं चिकटली होती. सरांनी कोपरा खरवडला. पुन्हा खरवडला.

"तू सोडव गं. मला पकडच येत नाहीये."

ताईंनी पाहिलं. जखम नाही, रक्त नाही. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, गुलाबी. तिथे जणू नख कधी आलंच नव्हतं.

त्यांनी पानं सोडवली. सरांनी झोकात सही केली आणि बाटली ताईंच्या हातात दिली.

"उद्यापासून हिला काही द्यायचं नाही."