शुक्रवारचा दुभाष्या

आधी आवाज आला. माणूस नंतर.

सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका भारतीय हॉटेलात जेद्दाहून भारतीय कॉन्सुलेटची माणसं आली होती, अडलेल्यांना फुकट कायद्याची मदत करायला. पुरुष हॉलमध्ये. बायका लाकडी फळीआड, फॅमिली सेक्शनमध्ये. बायका म्हणजे मी एकटीच. इस्मत, खाजगी दवाखान्यातली नर्स. बाहेर गारा तडतडत होत्या.

"सिस्टर, शिकायत बोलो, मैं लिखता."

ही हिंदी इतकी कोकणातली होती, की मला हसूच आलं.

"मराठीत बोला की!"

"अरेच्चा... कुठल्या तुम्ही?"

"खेड."

"मग शेजारच्याच! मी यासीन, दापोलीचा. एसी मेकॅनिक. शुक्रवारी दुभाष्या."

फळीच्या फटीतून एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. बरी होती.

*

माझी तक्रार अशी. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात माझी नेमणूक झाली होती. रमजान ईदपर्यंत रुजू झाले नाही, तर जागा गेली. आणि दवाखाना सोडत नव्हता. म्हणे, तू नव्या करारावर सही केलीस.

"केलीत?"

"सुट्टीचा अर्ज म्हणून पुढे केला. अरबीत होता."

"आणि तुम्ही न वाचता—"

"तुम्ही वाचून केलेली सही आठवते का एखादी?"

फळीपलीकडून खुदकन हसू.

"वकील कुठून आणू मी?"

"कामगार कचेरीत फी नाही, वकीलही लागत नाही. हट्ट लागतो. आहे?"

"भरपूर."

"मग भागलं."

*

मग फोन. कामाचेच, हं.

— जबाब पाठ झाला?

— झाला. जेवलात?

— हे जबाबात नाही, सिस्टर.

— माहीत आहे...

— जेवलो. कबसा, इथला मटणभात. तुम्ही जिंकलात तर जाल, नाही?

— मग हरवता का?

(कुठल्याशा एसीचा घरघराट बंद झाला.)

— नाही. उद्या वेळेवर या.

*

कचेरीच्या दारात शिपायाने विचारलं, "हा कोण?"

एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसायची वेळ आली, की आपण त्याला दादा करून टाकतो, तेच मी केलं. "अखूय," म्हणाले. माझा भाऊ.

यासीनचा चेहरा... काय सांगू!

आत सगळं यासीन मला मराठी करून सांगत होता. दवाखान्याच्या मॅनेजरने दोघांचे इकामे, म्हणजे रहिवासाची ओळखपत्रं, बघायला मागितली. बापांची नावं वेगळी. "साहेब, ही दारातच खोटं बोलली. मग सहीबद्दल खरं कशावरून?"

रत्नागिरी गेली — मीच घालवली.

अधिकाऱ्याने चष्मा काढून काहीतरी विचारलं. यासीनने कोरड्या आवाजात मराठी केलं. "विचारतायत, मी तुमचा कोण?"

आता खरंच सांगायचं. अगदी सगळं.

"सांगा त्यांना, भाऊ नाही. एकटीला आत सोडणार नाहीत असं वाटलं, घाबरून बोलले. हे सगळ्यांना मदत करतात, तशी मला केली. माझे कोणी नाहीत..." श्वास घेतला. "अजून."

यासीन बघतच राहिला. कान लालभडक. मग अरबीत बोलला, सावकाश.

अधिकारी मॅनेजरकडे वळला. "घाबरून ती काय बोलते, ते कळलं. विचारल्यावर खरं बोलते, तेही कळलं. आता तू बोल. कागद तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवलास?"

मॅनेजर पंख्याकडे बघू लागला.

"खलास." करार रद्द. मायदेशी जायला एक्झिट व्हिसा द्या.

*

बाहेर धुकं उतरलं होतं. आम्ही अंतर राखून चालत होतो, लोक बघतात म्हणून.

"एक शब्द गाळलात," मी म्हणाले.

"कुठला?"

"वॉर्डात दिवसभर तोच ऐकते मी. अजून दुखतंय, अजून ताप आहे. 'अजून'चं 'लिस्सा' कुठे गेलं तुमच्या अरबीत?"

"त्यांना कशाला सांगू?" तो पुटपुटला. "माझ्यासाठी होता ना तो?"

मी टॅक्सीला हात केला. टॅक्सी थांबली. मागे बसले, काच खाली केली.

"बकरी ईदला सुट्टी आहे माझी," तो घाईघाईने म्हणाला. "खेडला येऊ? तुमच्या अब्बांना भेटायला?"

"आधी अम्मीला भेटा. अब्बा तिला विचारूनच हो म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी सरकारी माणसासमोर सांगून बसले. तुमचाच जबाब राहिलाय."

"लेखी देऊ, की तोंडी?"

"तोंडी."

तो खिडकीशी वाकला. आणि टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत असताना यासीनने जबाब दिला. मराठीत.