मंगळागौरीच्या कॅसेटमधलं फंक

तो दुकानात शिरला तेव्हा मी शिंकत होते. एक नाही, लागोपाठ! जुन्या रेकॉर्डवरची धूळ माझ्या नाकाला कधी मानवलीच नाही, आणि पोट तर त्याच धुळीवर चाललेलं. मुलुंडच्या पाच रस्त्यावर नानांचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने फर्माईश सांगायची, आणि मी मागच्या खोलीत बसून रेकॉर्डवरची गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. गिरणी बंद पडल्यापासून बाबा एका कारखान्यावर वॉचमन होते. त्यांच्या पगारात माझा पगार मिसळला की आमचा महिना कसाबसा उभा राहायचा.

बाहेर मृगाची सर कोसळत होती. तो नखशिखांत भिजला होता, पण शर्टाच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेलं पुडकं मात्र कोरडं ठणठणीत!

"हे कॅसेटवर उतरवून मिळेल?"

"मिळेल. नाव?"

"चंद्रप्रकाश कांदळगावकर."

मी पेन खाली ठेवलं. "अहो, पावतीवर एवढी जागा नाही."

"मग... चंदू लिहा."

"चंदू नाही हं लिहिणार. चंदू आमच्या शेजारचा बोका आहे."

तो हसला. केसातून पाणी ओघळून भुवईवर आलं होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मी उगाचच पावतीपुस्तकाची पानं चाळली.

पुडक्यातून रेकॉर्ड निघाली. कव्हरवर भला मोठा गोल केसांचा एक माणूस, नारिंगी बेलबॉटम घातलेला. असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

"अमेरिकन आहे," तो म्हणाला. "फंक म्हणतात. माझा भाऊ बोटीवर असतो, त्याने आणली. आमच्याकडे प्लेअर नाही, त्यामुळे मी... अजून ऐकलेली नाही."

"न ऐकताच छातीशी धरून आणलीत? आणि फालतू निघाली तर?"

"तर तुम्हाला दोन शिंका जास्त. माझं काय जातंय?"

आगाऊच होता!

रेकॉर्ड जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती उतरायला लागतो. तो स्टुलावर बसला, मी सुई टेकवली. आधी नुसती खरखर... मग आला बेस. जाडजूड, गुबगुबीत, थेट पोटात जाणारा. त्यावर ढोलाची थाप, पण सरळ नाही — पडेल पडेल वाटतं आणि पडत नाही, आणि पडते तेव्हा बरोब्बर जिथे आपण बेसावध असतो तिथे. माझा पाय हलायला लागला. मी थांबवला. तो परत हलला. चंद्रप्रकाशने माझ्या पायाकडे पाहिलं आणि लगेच छताकडे बघत बसला, सज्जन माणसासारखा.

बाजू संपल्यावर मी म्हटलं, "परत लावू?"

"हो, पण ही बाजू तर उतरली ना?"

"कॅसेटसाठी नाही हो!"

तेव्हापासून तो दर शनिवारी यायचा. घाटकोपरच्या भटवाडीत राहायचा, अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होता. भावाने ट्रंकभर रेकॉर्ड आणून टाकल्या होत्या, आणि याने त्या नुसत्या पुसून ठेवल्या होत्या. आम्ही एकेक ऐकत गेलो; ऐकून झालेल्या तो दुकानातच ठेवून जायचा. एक बाई होती, ती आधी कुजबुजायची आणि मग असा काही आवाज फोडायची की नाना पुढून ओरडायचे, "रत्ना, काय पडलं गं?" नाव माहीत नाही, कधी कुठे ऐकलं नाही, रेडिओवर लागणं शक्य नाही. मुंबईत हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे असं वाटायचं, आणि त्या विचाराने मी आवाज आणखी वाढवायची.

एका शनिवारी त्याने काहीतरी भलतंच आणलं.

"हा गात का नाही?" मी विचारलं.

"हा बोलतो. तालात बोलतो. हिप-हॉप."

"बोलतोय कुठे? भांडतोय! आमच्या चाळीत सुंदराबाई नळावर अश्शीच भांडते." आणि मला काय लहर आली कोण जाणे, मी त्या तालावर सुरूच झाले — "हंडा माझा, नंबर माझा, तू गं कोण मध्ये येणार, पाणी जाईल साडेसहाला, काय तुझा बाप देणार?"

त्याने स्टूल पुढे ओढलं.

"परत म्हण," तो म्हणाला.

"म्हण?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी... म्हणा."

"म्हण-च असू दे," मी म्हटलं, आणि प्लेअरचं झाकण उगाच पुसायला घेतलं.

पण ते तेवढ्यावरच राहिलं! तीच तर वैतागाची गोष्ट. शनिवार ते शनिवार माझा जीव टांगणीला. घरी पोळ्या लाटताना लाटणं पोळपाटावर बेस वाजवायचं. आई म्हणायची, "अंगात आलंय का तुझ्या?" आणि हा बाबा काही बोलेल तर शप्पथ! "रत्ना, मला ना..." अशी सुरुवात करायचा. मी श्वास धरून थांबायची. "...ती दुसरी बाजू लावतेस?" कपाळ माझं! मी सुई अशी आपटायची की नाना पुढून कळवळायचे.

आतलं सगळं असं उकळत असताना ते गाणं नुसतं पोटात ठेवून बसणं मला जमेना. कुणालातरी ऐकवायला हवं होतं. ती जागा मला नानांनीच दिली. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास गाणी मावतात, पण गाणी काय मापाने शिवलेली नसतात. शेवटी दोन-तीन मिनिटं कोरी उरतात. "गिऱ्हाइकाला कोरी टेप देऊ नको, काहीतरी भर," हा नानांचा नियम. एरवी मी तिथे बासरी भरायची. आता फंक भरायला लागले. भजनांच्या मागे, नाट्यगीतांच्या मागे, अगदी महिला मंडळाच्या नलिनीताईंनी नव्या नवऱ्यामुलींना शिकवायला म्हणून करून घेतलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांच्या मागेसुद्धा. वाटायचं, अख्ख्या मुलुंडमध्ये एकाने तरी यावं आणि म्हणावं — अगं, हे काय झकास आहे!

कुणी आलं नाही. आला तो चंद्रप्रकाश, नेमका नलिनीताईंच्या कॅसेटचं शेपूट मी भरत असताना.

"हे काय करतेस?"

मी उत्साहाने सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

"म्हणजे रिकामी जागा भरायला?" त्याचा आवाज बदलला. "पार्सलात पेंढा भरतात तसं? रत्ना, हे मी... हे फक्त तुला ऐकवायला आणत होतो."

"मग तसं बोलायचं ना!"

"बोललो नाही म्हणून वाटून टाकायचं?"

"हो टाकायचं! गाणं काय लोणचं आहे बरणीत घालून ठेवायला? आणि फक्त मलाच का रे ऐकवत होतास? सांग ना. सांग!"

त्याने छताकडे पाहिलं. ओठ हलले. मी मनात म्हटलं, बोल रे... आता तरी बोल.

"तसंही मी चाललोय," तो म्हणाला. "भावाने बोटीवर काम लावून दिलंय. पुढच्या रविवारी निघायचं आहे. नऊ महिने."

मला धक्का बसला की मी आरडाओरडा करते. त्या दिवशी मी नलिनीताईंच्या कॅसेटवर लेबल चिकटवत बसले. त्याने रेकॉर्ड गोळा केल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या आणि पावसात निघून गेला. मी चुकले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण तो गेल्यावर मागच्या खोलीत इतकी शांतता झाली की मला तिथे बसवेना. उठले, पुढे आले, परत मागे गेले. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. नाना म्हणाले, "अगं, एका जागी बस, मला चक्कर येतेय."

बुधवारी भर पावसात छत्री आपटत नलिनीताई आल्या. आदल्या दिवशी त्यांच्याकडे मंगळागौर होती. त्यांच्या हातात ती कॅसेट बघितली आणि मी समजले, नोकरी गेली.

"नाना, हे शेवटी काय भरलंय? कुणी भरलं?"

"ताई, माफ करा, पोरगी नवीन..."

"माफ काय करा? अहो, झिम्मा झाला, आम्ही सगळ्या दमून बसणार, तेवढ्यात हे सुरू झालं! माझ्या सासूबाई... गुडघे धरून बसणाऱ्या माझ्या सासूबाई पदर खोचून फुगडीला उठल्या! बायका नुसत्या घुमत होत्या. आणि ऐन रंगात आल्यावर खट्ट — संपलं. अर्धवट कसलं देता? पुढच्या मंगळवारी मंडळातल्या पद्मजाकडे मंगळागौर आहे. मला हे पूर्ण पाहिजे."

मी हसले का रडले, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही. नाना म्हणाले, "बघत काय बसलीस? जा, रेकॉर्ड घेऊन ये त्याच्याकडून."

आग्रा रोडवरून बस रखडत चालली होती. खिडकीची काच वर होत नव्हती, पाऊस सरळ मांडीवर. मी मनाशी एकच घोकत होते. रेकॉर्ड मिळेल, ती मिळेलच. पण नुसती रेकॉर्ड घेऊन परत आले, तर रविवारी तो जाईल आणि मी उरलेलं आयुष्य स्वतःला शिव्या घालत बसेन. तो बोलणार नाही. त्याला येतच नाही बोलायला. म्हणजे मलाच बोलावं लागणार. आणि त्याने नाही म्हटलं तर? कंडक्टरने दोनदा विचारलं, "ताई, कुठे?" तेव्हा कुठे मला घाटकोपर आठवलं.

भटवाडीतल्या त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याची आई मेथी निवडत होती. पलंगावर अर्धी भरलेली बॅग. तो शर्टाची घडी घालत होता, मला बघून ती घडी तशीच हातात राहिली.

"तू?"

"नानांनी पाठवलंय," मी एका दमात म्हटलं. "ती रेकॉर्ड हवी आहे. नारिंगी बेलबॉटमवाली. गिऱ्हाइकाची फर्माईश आहे. मंगळागौरीत वाजली. नलिनीताईंच्या सासूबाईंनी त्यावर फुगडी घातली."

"...काय घातली?"

"फुगडी."

त्याने चेहरा सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला. मग असा फुटला की पलंगावरच बसला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "फुगडी! त्या बेसवर फुगडी!" मीही हसत सुटले. मग उठून त्याने पलंगाखालून अख्खी ट्रंकच ओढली.

"एक कशाला? सगळ्या घेऊन जा. सगळ्या मुलुंडला ऐकव." आणि मग हळूच, "मी मूर्खासारखा बोललो त्या दिवशी."

"हो, मूर्खासारखाच," मी म्हटलं.

मग दोघंही उभे. तो ट्रंकेकडे बघतोय, मी बॅगेकडे. पंखा कुरकुरतोय.

मेथीची जुडी खाली ठेवत त्याची आई म्हणाली, "रेकॉर्डीसाठी मुलुंडसून इतक्या पावसात कोण येता? ह्या पोराक काय कळणा नाय."

"कळत नाही असं नाही, काकी," माझ्या तोंडून निघून गेलं. "कळतं, पण बोलत नाही. म्हणून मीच बोलते." मी त्याच्याकडे वळले. "रेकॉर्ड नको मला. मला तू हवायस. शनिवार ते शनिवार माझा जीव जातो, आणि आता तू नऊ महिन्यांचा शनिवार लावून चाललायस! जा तू. नको जाऊ असं नाही म्हणत मी. पण मला काही न सांगता गेलास ना, तर तुझं तोंड बघणार नाही!"

बोलून झालं आणि मग मला भान आलं. वाट लागली! त्याच्या आईसमोर!

त्याने शर्ट खाली ठेवला. जवळ आला. पहिल्यांदाच छताकडे नाही, ट्रंकेकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"म्हटलं... मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी तुझा पाय हलला ना, तेव्हापासून. आल्यावर लग्न करशील माझ्याशी?"

"मोठ्याने बोल," मी म्हटलं. "पंख्यात ऐकू येत नाहीये."

आलं होतं ऐकू. अक्षर न् अक्षर आलं होतं. पण इतके शनिवार मी थांबले होते, माझा हक्क होता तेवढा!

तो मोठ्याने बोलला. चाळीतल्या भिंती त्या कितीशा जाड, शेजारच्या खोलीत रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, त्या कुणीतरी पटकन बंद केल्या. वरच्या मजल्यावरची भांडी थांबली. त्याची आई तोंडाला पदर लावून चहा टाकायला उठली.

"ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि त्याने सगळ्या भटवाडीला ऐकू जाईल असं परत सांगितलं.