सन २३०० मधला चष्मा

ही गोष्ट २०१८ सालची. माझा हॉल तेव्हा माझा राहिला नव्हता. ऋतुराज, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, कोपरीला राहायचा. तिथल्या दोन खोल्यांत तालीम करायला जागा नाही, म्हणून माझ्या नौपाड्यातल्या घरावर त्याचा डोळा. "मावशी, फक्त दोन महिने," असं म्हणून त्याने माझा सोफा भिंतीला लावला, टीपॉय उलटा केला आणि चकचकीत फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. हे अवकाशयान म्हणे. स्वयंपाकघरात जायचं तर मला त्याच्या इंजिनातून जावं लागे!

स्पर्धेसाठी त्याने लिहिलेल्या एकांकिकेचं नाव होतं 'कक्षा २३००'. नायिका मिळत नव्हती. त्या दुपारी तीन मुली वाचून गेल्या, तिघीही ऋतुराजला पसंत पडल्या नाहीत. त्याचा मित्र सुमित, म्हणजे यानाचा कप्तान, कंटाळून माझ्या डब्यातले शंकरपाळे संपवत होता. तेवढ्यात दार ढकलून एक मुलगी आत आली. हातात चष्मा, डोळे बारीक केलेले... भिंतीला हात लावत लावत आली आणि थेट माझ्या सोफ्यावर बसली.

"नाव?" ऋतुराजने विचारलं.

"रसिका. मघाशी सांगितलं ना!"

"हे वाच." त्याने तिच्यापुढे कागद धरला.

"काय वाचू? अजून किती वेळ बसायचं इथे? मला काहीच दिसत नाहीये, समोर सगळा धूर आहे, आणि तुम्हा लोकांना कसली घाईच नाही!"

 सुमितचा शंकरपाळा तोंडाशी थांबला.

"हीच," ऋतुराज हळूच म्हणाला, "हीच माझी नायिका!"

आमच्या खालच्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. तिच्या डोळ्यांत थेंब टाकून तिला थांबायला सांगितलं होतं. ती पाणी प्यायला खाली उतरली आणि परत येताना एक मजला जास्त चढली. हे सगळं तिच्याशी बोलता बोलता उलगडलं, मी तिच्या हातात चहा दिला, तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतले थेंब गालांवर आले.

त्याच वेळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. ऋतुराजने नाकावरचा स्वतःचा चष्मा गुपचूप काढला आणि खिशात टाकला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, की आता दोन महिने माझ्या डोक्याला ताप आहे.

रसिका डोंबिवलीची. नोकरी सांभाळून आठवड्यातून चार संध्याकाळी यायची. उणे सातचा नंबर, जाड काचा. पहिल्याच तालमीला ऋतुराज म्हणाला, "चष्मा काढ."

"का?"

"कारण दोन हजार तीनशे साली चष्मा नसतो."

"तू जाऊन आलायस?"

"अगं, तेव्हा जन्मतःच डोळे दुरुस्त करतील. चष्मा म्हणजे... बैलगाडी. अवकाशयानात बैलगाडी चालेल का?"

"आणि तुझ्या यानात माणसं चहा पितात, ते चालतं?"

"चहा राहणार."

"चहा राहणार, चष्मा जाणार. हे कोणी ठरवलं?"

"लेखकाने!"

तिने चष्मा काढला. काय करणार, भूमिका तिला मनापासून हवी होती. मग सुरू झाली माझी करमणूक म्हणा की शिक्षा. प्रेमाचा सगळ्यात हळवा संवाद — "तू गेल्यापासून मी एकही सूर्योदय पाहिला नाही" — ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, आणि तोंड असायचं माझ्या फ्रिजकडे. कप्तान दोन हात अलीकडे उभा.

"मी इकडे आहे गं," सुमित म्हणायचा. "त्याच्यात फक्त दोडकी आहेत."

एकदा उलट्या टीपॉयच्या पायाला तिचा अंगठा आपटला. ऋतुराज धावत गेला, फरशीवर गुडघे टेकून हळद लावू लागला... आणि शेजारच्या चांगल्या बोटाला लावून मोकळा झाला! त्याचाही चष्मा खिशात ना! ती आली की बेल वाजल्याबरोबर काढायचा, ती गेली की लावायचा. नाकावर दोन लाल खुणा तशाच. ती चष्मा दारातच काढायची, त्यामुळे तिला त्या दिसत नव्हत्या. ती त्याच्याकडे टक लावून बघायची, ते त्याला दिसत नव्हतं. तो तिच्याकडे बघायचा, ते तिला दिसत नव्हतं. एवढं घरभर प्रेम सांडत होतं, आणि ते दिसत होतं कोणाला? एकटीला मला! मध्येच उठून दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं कितीदा वाटलं.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा ते घडलं. रसिका ठरलेल्या जागेच्या बाहेर गेली, प्रकाशात आलीच नाही. ऋतुराज वैतागला.

"लेझर का करून घेत नाहीस तू? आजकाल सगळे करतात. अर्ध्या तासाचं तर काम!"

ती थांबली. सोफ्याच्या हातावरचा चष्मा तिने चाचपून घेतला, डोळ्यांवर लावला.

"पहिल्या दिवशी मी त्याचसाठी आले होते. दवाखान्यात. माझा कॉर्निया पातळ आहे, लेझर होणार नाही म्हणाले. ते ऐकून घरी जाऊन रडणार होते, पण त्याआधीच तू म्हणाला होतास, हीच माझी नायिका..."

"रसिका, मला माहीत नव्हतं —"

"तुझ्या दोन हजार तीनशेमध्ये सगळ्यांचे डोळे दुरुस्त. ज्यांचे होत नाहीत ती माणसं कुठे गेली रे? लिहिताना त्यांना कुठे टाकलंस? तुझ्या त्या जगात मी नाहीच. मग नाटकात तरी कशाला?"

ती निघून गेली. 

ऋतुराज पट्ट्यांच्या यानात मांडी घालून बसला. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"आता ऐक. १९७३ साली तुझे काका मला बघायला आले. कल्याणला, आमच्या घरी. माझ्या आत्याने मला स्वयंपाकघरातच बजावलं, चष्मा काढ, नाहीतर पोरगं पळून जाईल. मी चष्मा परकराच्या नाडीत खोचला आणि पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले. बशी दिली ती त्यांच्या मामाला. आयुष्यभराचा माणूस निवडायचा, आणि मला समोर दिसत होता एक पांढरा सदरा! साखरपुडा झाल्यावर त्यांनी मला चष्म्यात पाहिलं. म्हणाले, 'अशी आहेस होय? मग लपवलंस कशाला? बरी दिसतेस की.' मी तिथेच रडले. कारण तोवर मला वाटत होतं की मी कोणालातरी फसवलंय."

तो फरशीवरची पट्टी नखाने खरवडत होता.

"तुझं दोन हजार तीनशे म्हणजे माझं १९७३ आहे, ऋतुराज. त्यात नवीन काय आहे? आणि ती आली की तू स्वतःचा का काढतोस, सांग बघू."

"चष्म्यात मी... कसातरी दिसतो."

"आणि चष्म्याशिवाय तुला ती कशी दिसते?"

त्याने खिशातला चष्मा काढून हातात धरला. "धूसर."

"शाबास! उद्या चष्मा लावून बस. ती येईल. चष्म्याचं घर इथेच विसरून गेलीय."

आली. मला नमस्कार केला, त्याच्याकडे बघितलंच नाही. मी घर तिच्या हातात दिलं, चहा टाकते म्हणून आत गेले आणि अर्थातच दाराशी उभी राहिले.

"रसिका, तुझ्या भुवईवर तीळ आहे?"

"पहिल्यापासून आहे." मग तिने मान वर केली. "हे काय? तुला चष्मा आहे?"

"उणे तीन."

"म्हणजे दोन महिने तू... आणि मला बैलगाडी म्हणालास! हद्द झाली! किती खोटारडा आहेस रे तू!"

"हो."

"हो काय? भांड ना जरा!"

"भांडतो. पण आधी बघू दे. तू रागावलीस की अशी दिसतेस, हे मला माहीतच नव्हतं... मी फक्त आवाज ऐकत होतो." तो उठून तिच्यासमोर आला. "काल रात्री पुन्हा लिहिलंय. यानात सगळ्यांचे डोळे दुरुस्त आहेत, एकीचेच होत नाहीत. सूर्योदय तिला सगळ्यांत आधी दिसतो, कारण काच पुसून बघायची सवय फक्त तिला आहे."

 ओढणीच्या टोकाने तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला.

"दोन हजार तीनशे सालचं मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "पण तुझा चष्मा हरवला की शोधून द्यायला... पुढची सगळी वर्षं... मी आहे."

"आणि तुझा हरवला तर?"

"तू शोध."

"आणि दोघांचे एकदमच हरवले तर? कोण शोधणार, फ्रिज?"

"मी आहे अजून!" आतून मी ओरडले. माझा चहा उतू गेला होता.

प्रयोग छान झाला. दिव्यांची चमक काचांवर येऊ नये म्हणून सुमितने चष्म्याच्या काड्या कानांवर जरा उचलून बसवून दिल्या. सूर्योदयाच्या वेळी रसिकाने चष्मा काढला, पदराने पुसला, लावला आणि समोर बघितलं. माझ्या शेजारचा अनोळखी माणूससुद्धा पुढे वाकून बघू लागला. तरी बक्षीस नाहीच. परीक्षक भाषणात म्हणाले, "सगळं चांगलं, पण भविष्यात चष्मा कसा राहील, हे पटत नाही." मी उभी राहून "का नाही राहणार?" असं मोठ्याने विचारलं. ऋतुराजने मला हाताला धरून खाली बसवलं. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. आता दोघं डोंबिवलीला असतात. ऋतुराज नोकरी करून लिहितो आणि रोज सकाळी कोणाचा ना कोणाचा चष्मा शोधतो. रसिका अजून नाटकात काम करते, चष्म्यासकट. सुमित बाळकुमला राहायला गेला, नाटक सुटलं, पण ओळखीच्या प्रत्येक लग्नात माइक त्याच्याच हातात असतो. आमच्या ह्यांना, विश्रामना, जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी माझं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या आतच भिंग बसवलंय, रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचता येतात. म्हणजे ते भविष्य माझ्या डोळ्यांत येऊन बसलंय म्हणायचं. आणि हे लिहिताना माझ्या नाकावर काय आहे? चष्मा! जवळचं दिसत नाही ना.

त्यांची मुलगी कल्पिता चार वर्षांची आहे. या जूनमध्ये तिलाही नंबर लागला. लाल चष्मा घालून ती आली, फरशीवर राहिलेल्या एका जुन्या पट्टीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मला मंगळावर जायचंय. तिथे चष्म्याचं दुकान असेल?"

ऋतुराजने तोंड उघडलं. रसिकाने चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"असेल ना," तो घाईघाईने म्हणाला. "दोन असतील."

"दोन कशाला?" कल्पिता.

"एक तुझ्या आईला आवडणार नाही, म्हणून."

रसिकाने उशी फेकून मारली. ती बरोबर त्यालाच लागली.