आंबिलीच्या मडक्यातली बिअर

२०६१ साली कऱ्हाडात कुणाच्याच हाताला चव राहिली नव्हती. कऱ्हाडात कशाला, साऱ्या महाराष्ट्रात नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या साथीनंतर सरकारनं प्रत्येकाच्या तळहातांवर हस्तलेप चढवला होता. हस्तलेप म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. त्यावर एकही जंतू तगत नाही, आणि एकदा बसला की जन्मभर निघत नाही. साथ गेली, जुलाब गेले, आणि त्यांच्याबरोबर या घरच्या आणि त्या घरच्या लोणच्यातला फरकही निमूटपणे गेला. कुणाकडेही जेवायला जा, मागच्याच घरी जेवतोय असं वाटायचं.

अशा काळात कोयनेच्या काठी डॉ. ओजस्वी सुतार नावाची एक बाई बिअर गाळत होती. शिक्षणानं ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती आणि स्वभावानं बरीच खटपटी. तिच्या बिअरघरात त्या दुपारी पाटणकर बापलेक येऊन बसले होते. लेक ईश्वरी बावन्न वर्षांची, आणि वडील धैर्यशील ब्याऐंशीचे. ते शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांच्या शिट्टीला आणि मिशीला एके काळी अर्धं कऱ्हाड घाबरायचं.

आता मात्र मिशीखाली काही उतरत नव्हतं. वर्षभरापूर्वी त्यांची बायको वर्षाराणी गेली आणि सरांचं जेवण तुटलं. काहीही पुढे ठेवलं की म्हणायचे, "कागद खाल्ल्यागत लागतंय." वजन चौदा किलोंनी उतरलं. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि मग ईश्वरीला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर पुढचा उन्हाळा अवघड आहे. त्यानंतर एकदा सर आपणहून बोलले होते, "आंबील असती तर प्यायलो असतो." ईश्वरीनं त्याच दिवशी माळ्यावरचं आईचं आंबिलीचं मडकं उतरवलं आणि ओजस्वीकडे नेऊन दिलं.

वर्षाराणीची नाचणीची आंबील गल्लीत प्रसिद्ध होती. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी त्या मडक्यात पीठ कालवलं जायचं. त्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. कुणी डोकावलं तर आंबील बिघडते, असा त्या माउलीचा कायदा होता आणि तो तिनं लेप येईपर्यंत पस्तीस वर्षं पाळायला लावला.

"म्हणजे या बिअरमध्ये आई आहे?" ईश्वरीनं समोरच्या पिंपाकडे पाहत विचारलं. पिंपावर 'वर्षाराणी' अशी चिठ्ठी होती.

"आई नाही ताई, हातावरची वस्ती आहे," ओजस्वी म्हणाली. "लेपाच्या आधी प्रत्येकाच्या तळहातावर आंबवणाऱ्या जिवाणूंची आणि यीस्टची वस्ती असायची. तुमची वेगळी, माझी वेगळी. पिठात हात घातला की थोडी वस्ती पिठात उतरायची आणि रात्रभर ते आंबवायची. त्यातून जी आंबूस गोडी यायची, तिलाच आपण हातची चव म्हणायचो. मडकं मातीचं, कधी साबण न लागलेलं. त्याच्या छिद्रांत ही वस्ती वीस वर्षं सुकून पडली होती. मी तिला नाचणीचं पाणी पाजून उठवलं. आम्ही याला हस्तविरजण म्हणतो."

"आणि हे खरंच तिच्याच हातचं, हे कशावरून?"

"त्याचा अहवाल सकाळीच आलाय. कायद्यानं तो लागतोच. म्हणून तर तुमच्याकडून आईंच्या लाखेच्या बांगड्या मागितल्या होत्या." ओजस्वी जरा अडखळली. "पण आधी चाखा."

तिनं तीन पेले भरले. बिअर नाचणीसारखीच तांबूस, वर दाट फेस. ईश्वरीनं घोट घेतला आणि तिचा हात तसाच थांबला. जिभेच्या कडेला आंबूस, मग गोडसर, शेवटी भाजल्या दाण्यासारखं काहीतरी. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की हातात पडायची ती वाटी. तिला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं.

"बाबा, हीच की हो! अगदी हीच!"

सरांनी पेला एका दमात अर्धा केला, मिशी पुसली, उरलेलाही संपवला. मग डोळे बारीक करून म्हणाले, "शेंगदाणे हायत का गं, पोरी? खारे असले तर बघ."

ईश्वरी बघतच राहिली. वर्षभरात त्या आंबिलीशिवाय या माणसानं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. ओजस्वी धावत जाऊन बशीभर दाणे घेऊन आली आणि सर मूठ मूठ खाऊ लागले.

"आईच्या हातची चव बाबा, शेवटी आईचीच," ईश्वरी डोळे पुसत म्हणाली.

सरांना ठसका लागला.

ओजस्वीनं एक खोल श्वास घेतला. "ताई, अहवाल जुळत नाही. बांगड्यांच्या आतली वस्ती आईंची आहे, त्यात शंका नाही. मडक्यातली वस्ती मात्र दुसऱ्याच माणसाची आहे. आईंचा हात त्या मडक्यात कधी गेलाच नव्हता."

"असं कसं होईल? दुसरं कोण होतं घरात?"

सर बशीतले दाणे एकेक करून सोलत होते, सोललेलेच.

"बाबा?"

"लग्नाचा पहिला उन्हाळा," सर खाली बघूनच म्हणाले. "तुझ्या आजीनं नव्या सुनंला आंबील करायला सांगितली. ओल्या पिठानं हिचे हात असे उतले, रक्त यायचं बाकी. रडाय लागली. मग म्या दार लावलं आणि कोपरापातूर हात घातला. सकाळी आजी म्हणाली, सुनंच्या हाताला काय चव हाय! आता खरं सांगायचं कुठल्या तोंडानं? शपथ घातली तुझ्या आईनं मला."

"आणि पस्तीस वर्षं?"

"व्हय की. शाळेत पोरांना उठाबशा काढायला लावायच्या आणि घरी येऊन पीठ कालवायचं." त्यांची मिशी हलू लागली. "लोक तिचं कौतुक करायचे तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघायचो न्हाई. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं."

आणि ते आत्ता फुटलं. म्हातारा खदाखदा हसला, लेक हसली, ओजस्वीला तर खाली बसावं लागलं. ईश्वरीनं वडिलांचा हात हातात घेतला. लेपानं गुळगुळीत झालेला, कसलाच वास नसलेला हात. त्याची चव आता फक्त त्या पिंपात होती, आणि तिच्यावर नाव दुसऱ्याचं होतं.

"चिठ्ठी बदलू का?" ओजस्वीनं विचारलं.

"अजिबात न्हाई. शपथ हाय."

हसू ओसरल्यावर ईश्वरीच्या मनात एक साधा हिशेब झाला. भाकरी तव्यावर जाते, आमटी उकळते, त्यात हातावरचं काही उरत नाही. लोणचं चमच्यानं कालवायचं, दही विकतचं. आंबवलेलं म्हणून घरात एवढंच होतं.

"मग आईच्या हातची चव कशी होती?"

ओजस्वीनं मागच्या फळीवरून एक लहानशी बाटली काढली. "बांगड्यांतल्या वस्तीची थोडी बिअर लावून ठेवली होती. म्हटलं, तुम्ही विचाराल. एवढीच आहे."

सरांनी आधी घोट घेतला. चौपन्न वर्षांचा संसार केलेला माणूस थोडा वेळ जीभ टाळ्यावर घोळवत बसला आणि हळूच म्हणाला, "ओळख न्हाई पटली."

मग ईश्वरीनं घेतला. आंबट, फार आंबट, आणि मागून लिंबाच्या सालीसारखा कडवटपणा. तिला आई आठवली नाही, घर आठवलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं नाही.

तिनं पेला बाजूला सारला. सर पुन्हा दाण्यांकडे वळले होते आणि ओजस्वीकडे पहिल्या पिंपातला आणखी एक पेला मागत होते. ईश्वरीनं तेवढ्यात आपला पेला परत जवळ ओढला. आवडून घ्यायला वेळ लागणार होता आणि बाटली लहान होती. तिनं दुसरा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.