आनंदरावांच्या टमटमीची किंमत

प्लेगाच्या आधी तीन-चार वर्षांची ही गोष्ट. ठाण्यात तेव्हा टमटमी, म्हणजे एका घोड्याच्या दुचाकी गाड्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. कोपऱ्यावर घुंगरू वाजलं की गाडी कोणाची, हे घरात बसलेल्या बायकाही सांगत. आनंदराव वकिलांच्या टमटमीचं मात्र घुंगरू ऐकू येईपर्यंत गाडी निघून गेलेली असे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्र्यंबकराव ओसरीवर बसून, हातातल्या छोट्या आरशात बघत मिशी कातरत होते. कोर्टातली कारकुनी सोडून ते आता वकिलांसाठी खासगी तपास करत. शेजारी त्यांचे बालमित्र महिपतराव मास्तर चहाची वाट बघत होते.

शेजारच्या काकूंना सोबत घेऊन मंदाकिनीबाई आल्या. वय पंचविशीचं. कपाळ मोकळं.

"मला एका टमटमीची किंमत ठरवून हवी आहे," त्या म्हणाल्या.

महिपतराव हसले. "बाई, हे चोर शोधतात. गाड्यांची दलाली नाही करत."

"चोरच शोधायचा आहे कदाचित," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नाहीतर माझे यजमान माझ्याशी खोटं बोलले, असं तरी मानावं लागेल. दोन्हींपैकी काय ते कळायला हवं."

त्र्यंबकरावांनी कातर खाली ठेवली.

बाईंनी सगळं सांगितलं. आनंदराव श्रावणात तापानं गेले. सात वर्षं त्यांनी ती टमटम ठाणे, भिवंडी, कल्याण अशी पिटाळली होती. पहिली चाकं खिळखिळी झाली, तेव्हा मंदाकिनीबाईंच्या पाटल्या मोडून मुंबईच्या कारखान्यातून नवी चाकं मागवली. ती रेल्वेनं आली नेमकी यंदाच्या गुढीपाडव्याला. बसवण्याआधी तुळशीपाशी टेकवून बाईंनी त्यांची पूजा केली.

"पुरण शिजवताना बोट भाजलं होतं, म्हणून करंगळीनं हळदीचं स्वस्तिक काढलं. हे हसले. म्हणाले, मुंगीनं काढल्यासारखं दिसतंय." त्यांनी पदर सारखा केला. "चार-पाच महिने फिरलेली चाकं. आणि आता सगळे सांगतात, चाकं पार गेलेली आहेत, टमटम सरपणाच्या भावानं द्या."

"सगळे म्हणजे?"

सगळे म्हणजे तिघे. थोरले दीर मधुकरराव कल्याणला असत. ते म्हणत, भावजयीनं आता आमच्याकडे येऊन राहावं, गाडी पडेल त्या किमतीला काढावी. आनंदानं पाटल्यांचं काय केलं ते देव जाणे, असंही त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. दुसरा गुणाजी, स्टेशनाजवळच्या गाड्यांच्या कारखान्याचा मालक. त्यानं पाहणी करून चाळीस रुपये किंमत सांगितली. तिसरे काळुराम शेट, कळव्याचे मिठागरवाले. त्यांना ती विकत हवी होती.

"आणि तुम्हाला त्या पैशांचं काय करायचंय?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"पुण्याला फीमेल ट्रेनिंग कॉलेजात जायचंय. मास्तरीण व्हायचंय. चाळीस रुपयांत ते होत नाही. दिवाळीनंतर काळुराम शेट आणि भावोजी अंगणात बसले. उपरण्याखाली हात घातले, बोटं दाबून भाव ठरवायला लागले. गाडी माझी, आणि मला दिसलं फक्त उपरणं."

त्र्यंबकराव उठले. आरसा त्यांनी कोटाच्या खिशात टाकला.

*

घरामागच्या पडवीत टमटम उभी होती. पडवीची किल्ली बाईंच्या कमरेला असे. आनंदराव गेल्यापासून तिघांनीच ती मागितली होती. मधुकररावांनी एकदा, गाडी बघून घ्यायला. काळुराम शेटांनी एकदा, तेही दीर सोबत असताना. आणि कोजागिरीच्या आधी गुणाजीनं. मधुकररावांनीच त्याला धाडलं होतं. गाडीची पाहणी आणि पडवीचं गळकं कौलारू छप्पर, दोन्ही कामं त्यानं एकाच दुपारी केली. फळ्या आणि पेंढा भरून बैलगाडी आणली होती.

"गाडी पडवीबाहेर कधी गेली?"

"कधीच नाही. घोडा भाद्रपदातच विकला. ओढणार कोण?"

महिपतरावांनी चाक धरून हलवलं. ते खुळखुळलं. चाकाभोवतीची लोखंडी धाव एका बाजूनं झिजून पातळ झाली होती. "कठीण आहे," ते हळूच म्हणाले. "ही चार-पाच महिन्यांची चाकं नव्हेत."

त्र्यंबकरावांनी धावेच्या खिळ्याजवळची पांढुरकी भुकटी नखानं खरवडली आणि जिभेला लावली.

"अरे, हे काय करतोस?"

"खारट आहे. बाई, आनंदराव खाडीकडे गाडी नेत?"

"नवी चाकं बसवल्यावर मुळीच नाही. खारा चिखल लोखंड खातो, म्हणायचे."

चाकांच्या बाहेरच्या बाजूला हिरवा रंग होता, गाडीसारखाच. त्र्यंबकरावांनी आऱ्यांमागे बोट फिरवलं. मागून लाकूड उघडं होतं. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि आरसा चाकामागे धरला. चाकाचा मधला तुंबा आणि आस यांच्यात सुपारी जेमतेम सरकेल एवढी फट होती.

"महिपत, ये, बघ."

महिपतराव धापा टाकत आडवे झाले. आरशात तुंब्याच्या आतल्या अंगाला कुंकवाचा पट्टा दिसला. अर्धा दिसत होता, अर्धा आसाच्या जाड खांद्याखाली गेला होता. फटीत झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती, रंग अजून न उडालेली.

"दसऱ्याची पूजा," महिपतराव कपडे झटकत म्हणाले. "त्यात काय? सगळेच करतात."

त्र्यंबकराव बाईंकडे वळले. "यंदा या घरात दसरा झाला?"

"या घरात यंदा कुठला सण? दारावर तोरणसुद्धा लावलं नाही."

स्टेशनाकडे जाताना महिपतरावांची चाल एकाएकी वाढली. "म्हणजे चाकं बदलली," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या घरची, दसरा झालेली चाकं इथं आली. आणि ती खारट आहेत. मीठ कोणाकडे असतं, सांगू?"

"आधी त्याच्या गाडीत बसून बघू," त्र्यंबकराव म्हणाले.

*

वाटेत गुणाजीचा कारखाना लागला. भिंतीला करवती, रंधे ओळीनं टांगलेले. प्रत्येकाच्या मुठीवर कुंकवाचं बोट. दाराजवळ रचलेल्या सुट्या आऱ्यांवर, लोखंडी धावांवरही कुंकवाचे पट्टे.

गुणाजी अघळपघळ माणूस. त्यानं बसायला पाट दिले. वकीलसाहेबांची गाडी म्हणे त्यानं नुसती पाहिली होती, हात लावला नव्हता. चाकं गेलेली, स्प्रिंगा थकलेल्या, चाळीसही जास्तच. मुंबईहून नवी चाकं आणली होती म्हणतात, पण त्यानं ती कधी पाहिली नाहीत.

"पूजा जोरात झालेली दिसते," त्र्यंबकराव म्हणाले.

"खंडेनवमीला कारखान्यात असंल त्या सगळ्याला कुंकू लागतं, रावसाहेब. माझा नेम आहे. गिऱ्हाइकाची वस्तू असली तरी वगळत नाय."

कळव्यात काळुराम शेट मिठागराच्या बांधावरच भेटले. आडवा बांधा, कानात भिकबाळी. किमतीचा विषय काढताच ते मोकळेपणी हसले. दोघांच्या टमटमी मुंबईच्या एकाच कारखान्यातल्या. कशेळीच्या रस्त्यावर आनंदरावांनी एकदा त्यांना मागे टाकलं, त्याच आठवड्यात त्यांनी तशीच गाडी घेतली होती.

"वकील गेला नि शर्यतीत मजाच नाय राहिली," ते म्हणाले. "त्याची गारी माझ्या दारात असावी, एवढंच मनात हाय. पण चाकं बगितली नि मनच बसला. माझी जुनी चाकं होती ना, तशीच खिळखिळी."

"तुमची जुनी कुठे गेली?"

"गुणाजीकं. नवरात्रात काढून दिली, कोजागिरीला त्यानं मुंबईची बसवली. म्हणून यंदा दसऱ्याला आमच्या लक्ष्मीनं नुसत्या घोऱ्याची पूजा केली. गारी ठोकळ्यांवर उभी." मग ते म्हणाले, "बसा, दाखवतो."

महिपतरावांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. घोडा उधळल्यासारखा निघाला. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला मिठाचे ढीग, आणि मध्ये गाडीच्या रुंदीचाच बांध. महिपतरावांची पगडी वाऱ्यानं उचलली, ती त्यांनी दातांत धरली. त्र्यंबकराव मात्र मान खाली घालून चाकाकडे बघत होते. एवढ्या वेगात चाकाला जराही झोल नव्हता. खुळखुळ नव्हती. खाली ऐकू येत होता तो फक्त टापांचा आवाज.

"शेट," उतरल्यावर ते म्हणाले, "उद्या सकाळी याच गाडीतून आनंदरावांच्या घरी या. टमटमीची खरी किंमत तिथं ठरेल."

परतताना महिपतराव पगडी नीट करत म्हणाले, "कबूलच केलं की त्यानं. ती चाकं त्याचीच."

"चाकं त्याचीच," त्र्यंबकराव म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळे जमले. मधुकरराव सकाळच्या गाडीनं कल्याणहून आले होते, आणि वेळ फुकट चालल्याचं बोलून दाखवत होते. गुणाजी दाराजवळ उभा होता. मंदाकिनीबाई तुळशीपाशी. पडवीतली टमटम हातांनी ओढून बाहेर आणली होती. शेजारी काळुरामांची, घोडा सोडलेली.

"किंमत सांगण्याआधी," त्र्यंबकराव म्हणाले, "विकायची वस्तू कोणती, ते ठरवू. या गाडीची चाकं या गाडीची नाहीत. बाहेरून गाडीसारखा रंग दिला, आतून द्यायला कोणी विसरलं. खिळ्यांत मीठ आहे. ही चाकं मिठागरात फिरलेली आहेत."

सगळे काळुरामांकडे बघू लागले. मधुकरराव उठून उभे राहिले. "मला वाटलंच होतं."

"बसा. चाकं शेटची आहेत, पण चोरी त्यांची नाही. महिपत, कालचा कुंकवाचा पट्टा कुठं होता?"

"तुंब्याला. आतल्या अंगानं."

"तिथं हात पोचतो?"

महिपतराव चाकाशी वाकले. काल ज्या फटीत आरसा कसाबसा धरला होता, तिच्याकडे ते बघत राहिले.

"पोचत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "अर्धा पट्टा तर आसाच्या खांद्याखाली गेलाय. ज्याच्या घरी गाडी उभी असते, तो बाहेरून कुंकू लावतो. आतून लावायचं तर चाक गाडीतून काढून ठेवलेलं हवं. पाकळीचा रंग उडालेला नाही, म्हणजे दसरा यंदाचाच. तर यंदा दसऱ्याला ही चाकं सुटी पडलेली होती, आणि जिथं पडली होती तिथल्या माणसाचा नेम असा, की गिऱ्हाइकाच्या वस्तूलाही कुंकू लावल्याशिवाय राहायचं नाही."

गुणाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. "कुंकू काय, कोणीही लावील," तो म्हणाला.

"लावील. म्हणून दुसरंही बघू. कोजागिरीआधी तू पडवीत एकटा होतास. सोबत पेंढ्यानं भरलेली बैलगाडी. कौलारू छपराला फळ्या लागतात, गुणाजी. पेंढा कशाला लागतो? त्याखाली दोन चाकं आली आणि दोन गेली. दोन्ही गाड्या एका कारखान्यातल्या, त्यामुळे जागच्या जागी बसली. गेलेली चाकं दोन दिवसांनी मुंबईची म्हणून शेटना विकलीस. आणि वर या गाडीची किंमत चाळीस केलीस, म्हणजे पुन्हा कोणी चाकांकडे बघायला नको." ते काळुरामांकडे वळले. "शेट, तुमचं एक चाक काढू का?"

"दोन्ही काढा," काळुराम म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

खीळ उपसली. चाक आसावरून सरकवून महिपतरावांनी ते तुळशीच्या कट्ट्याला टेकवलं, आतली बाजू वर करून. वंगण त्र्यंबकरावांनी हातरुमालानं पुसलं.

लाकडात मुरलेली हळद दिसली. एक स्वस्तिक. इतकं बारीक, की मुंगीनं काढल्यासारखं.

मंदाकिनीबाई पुढे आल्या. त्यांनी करंगळी त्या रेघेवर ठेवली. रेघ बरोबर तेवढीच रुंद होती. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.

"भावोजी," त्या वळून न बघताच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या या इथं आहेत."

मधुकरराव पायातल्या जोड्याकडे बघत राहिले.

गुणाजी दाराकडे सरकला, पण तिथं काळुराम उभे होते. दुपारपर्यंत शेटचे पैसे परत येतील, पुढचं फौजदार बघतील, एवढं त्याला थोडक्यात सांगण्यात आलं. तो मान खाली घालून गेला.

मग काळुरामांनी खाकरून घसा साफ केला. "आता गारी पुरी झाली. स्वतःच्या चाकांवर. घेतो मी."

सवयीनं त्यांनी उपरणं सोडून डाव्या हातावर पसरलं आणि समोर बघितलं. समोर मधुकरराव नव्हते. मंदाकिनीबाई होत्या. शेटचा हात तसाच हवेत राहिला.

बाईंनी त्र्यंबकरावांकडे बघितलं.

"सात वर्षं धावलेली आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "स्प्रिंगा थकल्यात, दांड्या एकदा बदलाव्या लागतील. ते लपवू नका. चाकं नवी आहेत, तेही लपवू नका. बाकी किंमत मालकानं सांगायची असते."

"दीडशे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. शेजारच्या काकूंनाच काय, पलीकडच्या अंगणातल्यांनाही ऐकू गेलं. "स्प्रिंगांचे आणि दांड्यांचे वजा करूनच सांगितलेत."

काळुरामांनी क्षणभर विचार केला. मग उपरण्याची घडी घातली आणि खांद्यावर टाकली.

"वकिलानं बी असंच मागं टाकलं होतं मला," ते म्हणाले. "दिले."

पौषात मंदाकिनीबाई पुण्याला गेल्या. काळुराम शेट त्यांना त्याच टमटमीतून स्टेशनावर सोडायला आले होते. महिपतराव पायी आले. मासुंदा तलावाच्या वळणावर गाडी त्यांच्या शेजारून गेली, आणि त्यांनी मागे वळून बघितलं, तेव्हा कुठे त्यांना घुंगरू ऐकू आलं.